वाडीचा नकाशा मुलांकडून काढून घ्यायचाय, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावात मी पाचवी ते सातवीला शिकवते. मुंबईकर मंडळाने यंदा गणपतीत शाळेला पाच संगणक दिले. मुलं सध्या त्यावर चित्रं रंगवतात आणि टायपिंग करतात. मला त्यांना नकाशा काढायला शिकवायचंय. नकाशा वाचणं पुस्तकात आहे, काढणं कुठेच नाही.

दिशा, सूची, प्रमाण हे मुलांना पाठ आहे. पण "१ सेंमीला १० मीटर धरले तर आपली शाळा कागदावर केवढी होईल?" असं विचारलं की वर्ग गप्प. महाराष्ट्राच्या नकाशात रत्नागिरीवर बोट बरोबर ठेवतात, आणि वरच्या वाडीची विहीर शाळेच्या कुठल्या दिशेला ते सांगताना एकमेकांकडे बघतात. रोज त्याच पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) चढून येणारी मुलं आहेत ही.

अपेक्षा अशा: सॉफ्टवेअर फुकट हवं. पावसात आमच्याकडे वीज जाते आणि नेट तर जातंच, तेव्हा नेटशिवाय काहीतरी करता यायला हवं. मुलांना इंग्रजी मेनू भरभर वाचता येत नाहीत. आणि शेवटी जो नकाशा होईल तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याजोगा हवा, वहीत राहून उपयोग नाही.

कुणी मुलांबरोबर असं काही केलंय का?

---

ओपनमॅपवाला

ताई, ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) वापरा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा आता जगभरची माणसं मिळून काढतात. त्याचा 'आयडी' नावाचा संपादक ब्राउझरमध्येच उघडतो, काही बसवावं लागत नाही. पहिल्यांदा उघडलात की सराव करायचा का असं विचारतो. त्या सरावात अमेरिकेतल्या थ्री रिव्हर्स नावाच्या गावाचा नकाशा येतो. त्यात कितीही खाडाखोड करा, खऱ्या नकाशात काहीही जात नाही. मुलांना बिनधास्त सोडता येतं.

यातली सगळ्यात मोठी शिकवण म्हणजे बिंदू, रेषा आणि क्षेत्र. विहीर बिंदू, पाखाडी रेषा, आगर क्षेत्र. आता वहाळ काय? रेषा. मग पावसाळ्यात तोच वहाळ पसरून मळ्यात घुसतो तेव्हा? इथे मुलं भांडायला लागतात, आणि तिथूनच शिकणं सुरू होतं.

अडचण एकच, नेट लागतं.

---

सडा_आणि_कातळ

छान धागा. वाचतोय.

---

पोफळीबाग

उपग्रहाच्या चित्रावरून काढायचं म्हणताय, पण आमच्या आगरात वरून बघितलं तर माड आणि पोफळीच दिसतात. घर दिसत नाही, पायवाट नाही, विहीरही नाही. शहरातल्या मुलांना छपरं गिरवत जाता येतं. कोकणातल्या मुलांनी काय गिरवायचं?

---

मोजणीदार

पोफळीबाग यांनी नेमकं बोट ठेवलं. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. माझं मत स्पष्ट आहे: संगणक शेवटी. आधी पाय, दोरी आणि कागद.

बाई, मुलांना पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर घेऊन जा. टेपने ३० मीटर आखा. प्रत्येकाने नेहमीच्या चालीने ते अंतर तीनदा चालायचं, पावलं मोजायची, सरासरी काढायची. म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचं पाऊल किती सेंटिमीटरचं ते कळतं. हा त्याचा स्वतःचा मोजणीचा दांडा झाला, तो घरी विसरत नाही.

मग कोकणातली खरी गोम येते. पाखाडी चढणीची आहे. चालून शंभर मीटर भरले तरी नकाशावर ते शंभर मीटर नसतात, कारण नकाशात अंतर आडवं धरतात. ३० अंशांचा चढ असेल तर शंभर मीटर चालण्याचे कागदावर ८७ मीटरच होतात. आम्ही उतारावर शंकूसाखळी (मोजणीची साखळी) कधी जमिनीला चिकटवून ताणली नाही. एक टोक वर धरायचं, साखळी आडवी ताणायची, लोंबत्या टोकाखाली ओळंबा सोडायचा, तिथे शंकू रोवायचा, पुन्हा तिथून पुढे. पायऱ्या पायऱ्यांनी उतरायचं. हे दोन मुलांनी दोरी आणि दगड बांधलेला दोरा घेऊन एकदा केलं की आयुष्यात विसरणार नाहीत. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे शिकवलेलं मी पाहिलं नाही. ते आपोआप आडवं अंतर देतं आणि मुलाला कळतच नाही की आत काय झालं.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, हेही मैदानावर आखून दाखवा. घरी सातबाऱ्यावर 'गुंठे' रोज ऐकतात, पण तो केवढा ते बघितलेलं नसतं.

---

मालवणी_गाबित

मोजणीदार काकांका अनुमोदन. माका वाटता पयले पोरांका वाडयेत फिरवूक व्हया, संगणक मागसून. म्हाताऱ्या आजयेक इचारल्यार ती सांगता व्हाळ खंयसून येता नि पावसात खंय फुटता. तां मोबायलाक म्हायत नाय.

---

दोन_लेकींची_आई

थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या धाकटीला दोरी-टेपचा कंटाळा, संगणक दिला की तास न् तास बसते. तिला मी स्क्रॅचवर नकाशा काढायला लावला. स्क्रॅच हे मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारं, एमआयटीत तयार झालेलं फुकट सॉफ्टवेअर, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, आणि भाषा बदलायची सोयही आहे. त्याचा पडदा ४८० बाय ३६० एककांचा असतो, मधोमध शून्य-शून्य. आम्ही ठरवलं की एक एकक म्हणजे एक मीटर आणि आमचं तुळशीवृंदावन म्हणजे शून्य-शून्य. मग स्क्रॅचमधल्या पेन घेतलेल्या मांजराला "इतकी पावलं चाल, इतके अंश वळ" असं सांगत घर, अंगण, गडगा (दगडी कुंपण), विहीर काढली. एक वळण चुकलं की गडगा जाऊन विहिरीत पडायचा, मग पुन्हा अंगणात जाऊन बघून यायची.

या कल्पनेचं मूळ जुनं आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो नावाची भाषा केली, तिच्यात पुढे मुलं एका कासवाला पडद्यावर फिरवून आकृत्या काढायची. त्यात मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करतं. नकाशासाठी नेमकं हेच लागतं ना, जमिनीवर चालताना वरूनही बघता येणं?

तेव्हा काका, "संगणक शेवटी" हे सगळ्याच मुलांना लागू होत नाही असं माझं मत. काही मुलं पडद्याकडून अंगणात येतात.

---

मोजणीदार

ताई, तुमच्या मुलीने पडद्यावर चूक बघितली आणि बघायला अंगणात गेली, हे मला पटलं. माझा विरोध आहे तो बसल्या जागी उपग्रहाचं चित्र गिरवून "नकाशा काढला" म्हणण्याला. तुमचं तसं नाही.

---

होकायंत्र

दिशेबद्दल. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मुलांना सोडू नका. लोखंडी बाक, मोटारसायकल, पत्र्याची शेड यांच्याजवळ ते काहीही दाखवतं. काठीच्या सावलीने उत्तर दिशा काढायला शिकवा. मैदानात काठी उभी रोवायची, दुपारी सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खडा ठेवत जायचा. सर्वांत आखूड सावली ती उत्तर-दक्षिण रेषा. आपल्याकडे ती वेळ बाराला येत नाही, ऋतूप्रमाणे १२:२० ते १२:५० च्या दरम्यान येते, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

आणि एक सांभाळा: दाभोळच्या अक्षांशावर साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा सावली दक्षिणेला पडते. "दुपारची सावली नेहमी उत्तरेला" असं पाठ करून ठेवलेल्या मुलाचा नकाशा उलटा होईल. दिवाळीनंतर करा, आकाशही स्वच्छ असतं.

अवांतर: राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जे कातळशिल्प आहे तिथे होकायंत्राची सुई भरकटते. मुलांची सहल काढायची तर ती जागा उत्तम. सुईवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा नाही हे तिथे हातात होकायंत्र धरूनच कळतं. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यात हेही आहे.

---

सडा_आणि_कातळ

देवाचे गोठण्याला जाल तर चित्रावर पाय देऊ नका आणि खडूने रेषा भरू नका, एवढं मुलांना आधी सांगा. फोटोसाठी लोक खडू ओढतात, फार वाईट वाटतं.

---

दर्यावरचा

बाई, तुमचं गाव खाडीकाठचं. मग एक विचारतो: किनारा कुठे काढणार?

आम्ही मासेमारी करणारे. भरतीला होडी जिथे टेकते आणि ओहोटीला जिथे टेकते त्यात आमच्या भागात मोठी थोरली चिखलाची जमीन असते. तिथे पोरं खुबे काढतात, बायका कालवं फोडतात, तिवरांतून वाट आहे. पाणी आलं की समुद्र, गेलं की आमची रोजची जागा. शाळेच्या नकाशात एक निळी रेघ मारतात आणि झालं. ती रेघ दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. मुलांनी नकाशा काढायचा तर ही जागा त्यात आलीच पाहिजे. आमचं अर्धं पोट तिथे आहे.

---

खाडीकाठची

दर्यावरचा दादा, तुमचा प्रश्न मी आज वर्गात तसाच्या तसा विचारला. अर्धा वर्ग म्हणाला भरतीची रेघ, कारण "पाणी जिथपर्यंत येतं तिथपर्यंत खाडी". उरलेले म्हणाले ओहोटीची, कारण "जमीन असते ती गावाची". सहावीतली एक मुलगी म्हणाली, दोन्ही काढूया आणि मध्ये वेगळा रंग देऊया. त्या भागाचा रंग कुठला, यावर मधली सुट्टी संपली.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी काही नियम आहे का?

---

ओपनमॅपवाला

आहे, आणि तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर नियमाच्या अगदी जवळ आहे. ओएसएममध्ये किनाऱ्याची रेषा उधाणाच्या भरतीच्या सरासरी रेषेवर काढतात. ती काढताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला राहील अशी दिशा ठेवावी लागते, नाहीतर संगणक पाण्याला जमीन समजतो. भरती-ओहोटीमधला चिखल आणि तिवरं वेगळी क्षेत्रं म्हणून दाखवता येतात, दोन्हींना स्वतंत्र खुणा आहेत. म्हणजे खुबे काढायची जागा नकाशात येईल.

किनाऱ्याच्या रेषेला मात्र मुलांनी हात लावू नये. ती एक सलग रेषा असते, एक टाका उसवला तर मोठ्या पट्ट्याचा नकाशा बिघडू शकतो. विहिरी, वाटा, साकव, चिखलाची जागा यांवर काम करू द्या.

---

दर्यावरचा

भरतीची रेघ म्हणजे जमीनवाल्यांचा नकाशा. दर्यावरच्या चार्टवर खोली मोजतात ती ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून, म्हणजे होडी लागणार की नाही ते कळतं. एकाच किनाऱ्याला कामाप्रमाणे दोन रेघा. पोरांना हे सांगा. पोरीला माझ्याकडून शाबासकी.

---

भूगोलवाली

या चर्चेत एक भर. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण सगळे ७५१६.६ किमी म्हणून शिकलो. अलीकडे ती नव्याने मोजली आणि ११,०९८.८ किमी झाली. जमीन वाढलेली नाही, मापाचा बारकावा वाढला. जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावर होती, त्यात खाड्यांची वळणं आणि छोटी बेटं सरळ होऊन जात. नव्याने १:२,५०,००० वर मोजली तेव्हा ती वळणं मोजणीत आली. कोकणात हे मुलांना हाताने दाखवता येतं: बाणकोट ते जयगड किनारा एकदा मोठ्या काडीने मोजा, मग काडीचे चार तुकडे करून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी उत्तर मोठं येतं. प्रमाण म्हणजे काय यावर यापेक्षा चांगला तास मला माहीत नाही.

आणि खाडीकाठची ताई, तुम्हाला प्रमाणाचीच अडचण आहे म्हणून: सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा उघडून दाखवा. १ सेंमीला ५०० मीटर, म्हणजे दोनशे मीटर लांबीची वाडी तिथे ४ मिलिमीटर. पाणी निळं, वस्ती आणि रस्ते लाल, शेती पिवळी, जंगल हिरवं, समोच्च रेषा तपकिरी. मग म्हणा, आता आपण हे ४ मिलिमीटर उघडून दाखवायचेत. १:१००० प्रमाण घेतलंत तर ए-फोर कागदावर साधारण २१० बाय २९७ मीटरचा तुकडा बसतो. एका वाडीला तेवढं बहुतेक पुरतं.

---

गडगा

सगळे उत्साहात आहेत, मला मात्र काळजी वाटते. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत बाहेरून येऊन जमिनी घेणारे वाढलेत. सड्यावरची पाण्याची जागा, समुद्राकडे उतरणारी गुप्त वाट, देवराईची हद्द हे सगळं मुलांच्या हातून जगासमोर ठेवायचं का? जे आज वाटाड्याला विचारल्याशिवाय सापडत नाही ते उद्या पुण्यात बसून कुणालाही दिसेल. शिवाय कुणाच्या गडग्यावरून आधीच भाऊबंदकी चालू असते, त्यात शाळेच्या नकाशाने तेल ओतू नये.

---

ओपनमॅपवाला

गडगा, मुद्दा गंभीर आहे. पण नकाशात नसल्याचाही तोटा होतो. ज्या वाडीला नकाशात वाटच नाही तिथे रात्री रुग्णवाहिका कशी पोचणार? दाभोळ ते धोपावे फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. ती नोंदलेली नसेल तर माणूस चिपळूणमार्गे वळसा घेत बसतो. असं नोंदवण्यात गावाचं काय गेलं?

---

गडगा

फेरीबोट आणि रुग्णवाहिकेची वाट नोंदवा, मी नाही म्हणत नाही. देवराई नको एवढंच म्हणणं आहे. ते कोण ठरवणार? सातवीतली मुलं?

---

मोजणीदार

ते गावाने ठरवायचं. दोन नकाशे ठेवा. एक गावाचा, त्यात सगळं, तो शाळेच्या संगणकात आणि ग्रामपंचायतीत. दुसरा जगासाठी, त्यात ग्रामसभा म्हणेल तेवढंच. आणि हद्दींच्या भानगडीत शाळेने पडूच नये. हद्द ठरवणं मोजणी खात्याचं काम. मुलांनी गडगा दिसला तर गडगा काढावा, तो कुणाचा ते लिहू नये. घरावर घरमालकाचं नावही नको.

माझ्या नोकरीत मी बघितलंय, लोक नकाशावरून भांडतात कारण तो कुठेतरी कचेरीत असतो आणि त्यांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. गावाने स्वतः बसून काढलेल्या नकाशावर वाद होतील, पण ते समोरासमोर होतील.

---

गडगा

दोन नकाशांची कल्पना पटली.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. कशाचा नकाशा काढायचा यावर एक सुचवते. २००५ च्या २६ जुलैचं आणि २०२१ च्या २२ जुलैचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे आमच्याकडे लोकांनी भिंतींवर खुणा करून ठेवलंय. तुमच्या गावातही उधाण आणि पाऊस एकत्र आला की पाणी कुठे चढतं ते जुन्या माणसांना माहीत असणार. मुलांनी घरोघर जाऊन विचारावं, "पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" आणि तेवढे बिंदू नकाशावर टाकावेत. एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर नेऊन ताडायला गवंड्याची पाण्याची नळी वापरता येते. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. समान उंचीचे बिंदू जोडले की समोच्च रेषा म्हणजे काय ते पुस्तक न उघडता समजतं.

पाऊस वाढला की कुणाला आधी हलवायचं, कुठली वाट आधी बुडते, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे (हे फक्त गावाच्या नकाशात), हे काढून ठेवलेलं असलं तर त्याची किंमत मी सांगायला नको. दोन हजार एकवीसला वरच्या मजल्यावर बसून पाणी चढताना बघितलंय. तेव्हा असं काही हाताशी असायला हवं होतं.

---

दर्यावरचा

+१. उधाणाच्या तारखा आम्ही देऊ. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे दोन दिवस बघा.

---

खाडीकाठची

वाशिष्ठीकाठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं ठरलं. आमच्या खालच्या वाडीत दरवर्षी साकवावरून पाणी जातं आणि त्या दिवशी मुलं शाळेत येत नाहीत. हाच नकाशा काढायचा. मोजणी, दिशा, प्रमाण हे सगळं यातच येईल.

पण माझा मूळ प्रश्न उरलाय. पावलांनी, दोरीने कागदावर काढू. मग हे संगणकात जाणार कसं? वेगवेगळ्या गटांचे कागद एकमेकांना जुळणार कसे?

---

क्यूजीआयएसप्रेमी

या प्रश्नाचीच वाट बघत होतो. इथे क्यूजीआयएस कामाला येतं. २००२ मध्ये गॅरी शर्मनने सुरू केलेलं हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि नेट नसतानाही चालतं. मुलांना पहिल्या दिवशी ते देऊ नका, बटणांचं जंगल आहे. ते तुम्ही चालवा, मुलं शेजारी बसून सांगतील.

पद्धत अशी. आधी गावातल्या उघड्या जागा निवडा, जिथे वर झाड नाही: शाळेचं मैदान, साकव, जेटी, सड्यावरचा मोठा दगड. तिथे मोबाइलवर जीपीएसचे अक्षांश-रेखांश घ्या. उघड्यावर चांगला फोन साधारण पाचेक मीटरच्या आत सांगतो. माडांखाली तो बरोबर सांगत नाही, तिथे घेऊच नका. हे झाले तुमचे पक्के बिंदू. मधल्या वाटा, घरं, विहिरी या पावलांनी आणि दिशांनी मुलांनी काढलेल्या. प्रत्येक गटाच्या कागदात निदान चार पक्के बिंदू आलेच पाहिजेत, आणि ते एका ओळीत नकोत, चार कोपऱ्यांना पसरलेले हवेत.

कागदाचा सरळ वरून फोटो काढा, स्कॅनर असेल तर उत्तम. क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्सर नावाचं साधन आहे. त्यात कागदावरच्या साकवावर टिचकी मारायची आणि साकवाचे अक्षांश-रेखांश द्यायचे. असे चार बिंदू दिले की तो कागद पृथ्वीवर आपल्या जागी जाऊन बसतो. सगळ्या गटांचे कागद असे बसवले की ते आपोआप एकमेकांना लागतात. जिथे लागत नाहीत तिथे कुणाची तरी पावलं चुकलीत, मुलांना परत पाठवा. मग बिंदू, रेषा, क्षेत्र असे तीन थर करून मुलांनी गिरवायचं. प्रत्येक गोष्टीला मराठीत नाव देता येतं. शेवटी छपाईच्या पानात प्रमाण, उत्तर दिशा, सूची घालून हव्या त्या आकाराचा नकाशा निघतो. तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडे पीडीएफ दिली की भिंतीवरचा तयार.

विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा नीट मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणांचं जाळं पुढे देशभर गेलं, त्यातली शिस्त हीच: थोडे बिंदू फार काळजीने, बाकीचं त्यांच्या आधाराने.

---

पोफळीबाग

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माडांखालच्या वाटा मुलांनी पावलांनी काढायच्या, उघड्यावरचे बिंदू फोनने. धन्यवाद.

---

दोन_लेकींची_आई

क्यूजीआयएसप्रेमी, गिरवण्याचं काम मुलांनाच करू द्यावं हे फार चांगलं. ताई, पाच संगणक आहेत तर दोनांवर स्क्रॅच ठेवा. ज्यांना चालायला जाता येत नाही त्या मुलांसाठीही. एखाद्याचा पाय दुखत असेल तर त्याने वर्गात बसून गटाने आणलेली पावलं मांजराला चालवावीत.

---

ओपनमॅपवाला

जगासाठीच्या नकाशात काय घालायचं ते ग्रामसभेत ठरलं की ओएसएमवर चढवायला मी मदत करेन. खातं शिक्षकांच्या नावाने असू द्या, मुलांच्या नावाने नको. ओएसएममध्ये मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे, तो भरा. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून बघून काही उतरवायचं नाही, ते नियमात बसत नाही. तुमच्या मुलांनी चालून आणलेलं आहे, त्यामुळे प्रश्नच नाही.

मोठ्या मुलांसाठी स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड ॲप बघा. तुम्ही उभे आहात तिथलेच प्रश्न विचारतं, "हा रस्ता डांबरी की मातीचा?" असे. परिसर आधी उतरवून ठेवला की नेट नसताना उत्तरं देता येतात, ती नेट आल्यावर चढवता येतात.

---

मालवणी_गाबित

बाई, नकाशो झालो की हंय टाका. आमचे पोर पण करतले.

---

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं करणार आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मैदानावर पावलं आणि काठीची सावली. मग चार गट: जेटी, खालची वाडी, वरची वाडी, सड्याकडची पाखाडी. स्क्रॅच लगेच बसवते. क्यूजीआयएस मी आधी स्वतः शिकते, त्यात अडले तर इथेच विचारेन. किनारा दोन रेघांनी, मधल्या भागाला मुलांनी शेवटी मातकट जांभळा रंग निवडलाय. पुराच्या खुणा घ्यायला पालकसभेत विषय ठेवते, आणि देवराईबद्दल सरपंचांशी बोलते.

मोजणीदार काका, एक राहिलं. शाळेत टेप नाही. काथ्याची दोरी गाठी मारून वापरली तर चालेल का?

---

मोजणीदार

काथ्या नको. ओला-सुका होताना त्याची लांबी बदलते, ताणला की आणखी बदलते. हार्डवेअरच्या दुकानात ३० मीटरचा फायबरचा टेप मिळतो, तो घ्या. दोरी लागलीच तर पॉलिएस्टरची, कमी ताणली जाणारी, आणि रोज सकाळी टेपला लावून तपासायची. टेपचं शून्य कडीच्या टोकापासून सुरू होतं की पुढे आतून, ते मुलांना पहिल्यांदा बघायला लावा. तिथे दहा सेंटिमीटर गेले की प्रत्येक मापात जातात.

दिवाळीनंतर मी गुहागरला येणार आहे. चालत असेल तर एक दिवस फेरीबोटीने पलीकडे येतो, उतारावर दोरी कशी धरायची ते मुलांना दाखवून जातो.